आधी भरा, मग बोला!

मुंबईच्या उशाशी असलेल्या काही तालुक्यांच्या नशिबी केवळ देण्याचेच काम लिहिलेले असते. शहापूर हा असाच तालुका. १८९२ साली पूर्ण झालेला तानसा तलाव याच तालुक्यातला आणि मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा उचलणारे भातसा धरणही याच तालुक्यातले. दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंड्या-कळशांची रांग लावणारे गावपाडेही पुन्हा याच तालुक्यातले! शेजारच्या मुरबाडची कथा फारशी निराळी नाही. माळशेज घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या या तालुक्यात औद्योगिक वसाहत आली, रेल्वे मात्र अद्याप आलेली नाही.

विजेच्या बाबतीतही हाच न्याय. चंद्रपूरच्या कोळशावर तयार झालेली वीज साडेसातशे किलोमीटरचे अंतर कापून शहापूरच्या शेजारी, भिवंडी तालुक्यातील पडघ्याला येते. १९९९ साली सुरू झालेल्या या वाहिनीवर मुंबई परिसराचा झगमगाट अवलंबून आहे. भातसा धरणाच्या पायथ्याशी १५ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. तरीही २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत या दोन तालुक्यांतील मुलांनी दहावी-बारावीचा अभ्यास कंदिलाच्या उजेडात केला. आता ते भारनियमन मागे पडले. घरोघरी मीटर लागले, पंखे फिरू लागले. पण अंधार गेला असे म्हणावे, तर तो बिलाच्या कागदावर येऊन बसला आहे. महिन्याकाठी सहा-सातशे रुपयांचे बिल भरणाऱ्या घरात एखाद्या महिन्यात अचानक सहा-सात हजारांचा आकडा येऊन आदळतो. घरचा कर्ता माणूस ते बिल घेऊन शाखा कार्यालयात जातो आणि तिथे त्याला महाराष्ट्रातील असंख्य वीजग्राहकांच्या परिचयाचे ते उत्तर मिळते : ‘आधी बिल भरा, मग तक्रार करा.’

हे उत्तर वरकरणी कारकुनी वाटते. वस्तुतः त्यात एक संपूर्ण राज्यव्यवहार दडलेला आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याने आधी दंड भरावा आणि मग आपले निर्दोषत्व सिद्ध करावे, असा न्याय मोगलाईत शोभला असता. लोकशाहीत आणि तोही संसदेने केलेला कायदा अस्तित्वात असताना तो चालावा, हे उद्वेगजनक आहे.

मापात पाप

मापात पाप करणाऱ्याला शासन करणे हे या देशात राजधर्माचेच अंग मानले गेले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख करणारा पौतवाध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी आहे आणि दर चार महिन्यांनी वजनेमापे तपासून त्यांवर मुद्रा उठवावी, असा दंडक आहे. शिवशाहीत अण्णाजी दत्तोंनी जमिनीची पाहणी केली, तीही ठरवून दिलेल्या मापाच्या काठीने. गाववार निराळी काठी असेल तर सारा न्याय्य राहत नाही, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना पक्के ठाऊक होते. माप आधी खरे, मग वसुली खरी. या क्रमात उलटापालट झाली की राज्य रयतेचे उरत नाही, वसुली करणाऱ्यांचे होते.

किराणा दुकानात गिऱ्हाईक तराजूच्या काट्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहते. वीजग्राहकाला ती सोय नाही. विजेचा तराजू विक्रेत्याचा, काटा वाचणारा विक्रेत्याने नेमलेल्या ठेकेदाराचा, बिल लिहिणारा विक्रेता, तक्रार ऐकणारा विक्रेता आणि तक्रार करणाऱ्याची वीज तोडणाराही विक्रेताच! १९६० साली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य वीज मंडळ जून २००५ मध्ये मोडीत निघाले आणि त्याच्या जागी निर्मिती, पारेषण व वितरण अशा स्वतंत्र कंपन्या आल्या. मंडळ जाऊन ‘महावितरण’ आले, कागदावर ‘ग्राहक’ हा शब्द आला. पण शहापूर-मुरबाडमधल्या माणसाला दुसऱ्या दुकानात जाण्याची मुभा काही मिळाली नाही. जिथे दुसरे दुकान नाही, तिथे ‘ग्राहक राजा’ ही निव्वळ थट्टा ठरते.

बंद दाराची सरासरी

बिल अचानक फुगते कसे? याची कारणे गूढ नाहीत. मीटरचे वाचन वेळेवर झाले नाही की बिलावर चालू रीडिंगच्या जागी ‘आरएनए’, ‘लॉक’ किंवा ‘फॉल्टी’ असा शेरा पडतो आणि मागील वापराच्या सरासरीने बिल निघते. असे दोन, चार, सहा महिने गेले की कोणीतरी एकदाचा येऊन मीटर वाचतो आणि साचलेले सगळे युनिट एकाच बिलात ओतले जातात.

शहापूर-मुरबाडमध्ये हे घडण्यास येथील जगण्याची रीतच पुरेशी आहे. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा येथील चाकरमानी पहाटेची लोकल पकडतो आणि रात्री परततो. दुपारी वाचक येतो तेव्हा दाराला कुलूप. किन्हवली, डोळखांब, टोकावडे या भागांतील पाड्यांवर तर वाचकाने दरमहा पोहोचावे ही अपेक्षाच आषाढातल्या चिखलात रुतून बसते. कातकरी बांधव दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मधले सहा महिने घर बंद, दिवा बंद. सरासरीचे बिल मात्र चालू! परत आलेल्या कुटुंबाच्या हाती न वापरलेल्या विजेची थकबाकी आणि त्यावरचे व्याज पडते. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला स्वस्त दर मिळतो तो महिन्याला ३०, म्हणजे वर्षाला ३६० युनिटांच्या मर्यादेत. एखाद्या चुकीच्या सरासरीने ही मर्यादा ओलांडली गेली, तर सर्वांत गरीब माणूस सवलतीच्या दराबाहेर फेकला जाण्याची भीती असते. सप्टेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या ‘सौभाग्य’ योजनेने शेवटच्या घरात दिवा नेण्याचा संकल्प केला. ज्या घरात दिवा नेला, त्या घरात खोटे बिलही जाऊ नये, याची काळजी कोणी घ्यायची? अंत्योदय म्हणजे शेवटच्या माणसाच्या घरी मीटर बसवणे एवढाच अर्थ कोणी घेतला असेल, तर त्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय कळलेच नाहीत.

साचलेल्या युनिटांचा दुसरा फटका अधिक सूक्ष्म आहे. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. २०२०-२१ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना ३ रुपये ४६ पैसे, १०१ ते ३०० युनिटांना ७ रुपये ४३ पैसे आणि ३०१ ते ५०० युनिटांना १० रुपये ३२ पैसे असा वीज आकार होता. समजा, एखादे घर महिन्याला ८० युनिट वापरते. सहा महिन्यांचे ४८० युनिट महिनेवार आकारले, तर वीज आकार १,६६० रुपये ८० पैसे होतो. तेच ४८० युनिट एका महिन्यात वापरले असे धरले, तर तो ३,६८९ रुपये ६० पैसे होतो. फरक २,०२८ रुपयांचा. त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरले की सुमारे साडेतेवीसशे रुपयांचा. वीज तेवढीच, घर तेच, पंखा तोच. केवळ वाचन उशिरा झाले म्हणून गरिबाला श्रीमंताचा दर! साचलेले युनिट त्या त्या महिन्यांत विभागून टप्प्यांचा लाभ दिला पाहिजे, हे न्यायाचे आहे आणि तसा लाभ दिल्याचे कंपनी सांगतेही. पण तो दिला की नाही, हे बिलाकडे पाहून किती जणांना कळते? हिशेब ज्याला कळू नये असा, तो हिशेबच नव्हे.

टाळेबंदीने दाखवलेला आरसा

ही व्यवस्था किती पोकळ आहे, ते २०२० साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. कोरोनाच्या टाळेबंदीमुळे मार्चच्या अखेरीस मीटरवाचन थांबले. एप्रिल-मे महिन्यांची बिले आधीच्या, म्हणजे हिवाळ्यातील वापराच्या सरासरीने निघाली. ऐन उन्हाळ्यात सारे कुटुंब चोवीस तास घरात, लोकल बंद, कारखाने बंद, पंखे अहोरात्र चालू. आणि १ एप्रिलपासून नवे दर लागू. जूनमध्ये वाचन झाले आणि तीन महिन्यांचा फरक एकाच कागदावर अवतरला. ज्यांचा पगार बंद होता, त्यांच्या हाती आयुष्यातले सर्वांत मोठे वीजबिल पडले.

तत्कालीन महाविकास आघाडी सरकारने यावर काय केले? हप्ते पाडून देऊ, एकरकमी भरल्यास दोन टक्के सूट देऊ, असे सांगितले गेले. ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी दिलासा देण्याची भाषा केली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये वापरलेल्या विजेचे बिल भरावेच लागेल, असे सांगून तिला पूर्णविराम दिला. भारतीय जनता पक्षाने त्याच महिन्यात राज्यभर बिलांची होळी केली. मार्च २०२१ च्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात विरोधकांच्या रेट्यामुळे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी वीजतोडणीला स्थगिती दिली; ती अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी उठलीही! स्थगिती ग्राहकासाठी होती की सभागृह शांत ठेवण्यासाठी, हे सांगायला ज्योतिष्याची गरज नाही.

तरीही या प्रकरणाचा खरा धडा पक्षीय नाही. त्या जून महिन्यात कंपनीचा हिशेब अनेकांच्या बाबतीत बरोबर असेलही. पण लोकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही, कारण विश्वास ठेवावा असे वर्तन त्याआधीच्या काळात झालेले नव्हते. वर्षानुवर्षे ज्या कार्यालयाने ‘आधी भरा’ हा एकच मंत्र जपला, त्याच्या खऱ्या बोलण्यावरही संकटकाळी कोणी विश्वास ठेवत नाही. विश्वासार्हता ही काही अधिवेशन काळात जाहीर करायची योजना नव्हे.

कायदा ग्राहकाच्या बाजूला, कार्यालय विरुद्ध दिशेला

गंमत अशी की, कायदा नेमके उलटे सांगतो. अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने विद्युत अधिनियम २००३ आणला. या कायद्याचे विधेयक मांडले गेले तेव्हा ऊर्जामंत्री होते सुरेश प्रभू आणि तो मंजूर झाला तेव्हा अनंत गीते. दोघेही कोकणातले खासदार. त्या कायद्याचे कलम ५६ प्रत्येक शाखा कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावले पाहिजे. थकबाकीसाठी वीज तोडायची तर किमान पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस हवी. बिलाबद्दल वाद असेल, तर मागणी केलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ग्राहकाने निषेध नोंदवून भरावी. वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. म्हणजेच, महिन्याला सातशे रुपये भरणाऱ्याला सात हजारांचे बिल आले आणि त्याने लेखी हरकत घेतली, तर तूर्त त्याला सरासरीचे सातशेच भरायचे आहेत. ‘आधी भरा’ यातले कायद्याला मान्य असलेले ‘भरा’ हे एवढेच! उरलेले सहा हजार तीनशे भीतीपोटी भरले जातात.

याच कलमाने जुन्या वसुलीलाही लगाम घातला आहे. बिलात सातत्याने थकबाकी म्हणून दाखवली न गेलेली रक्कम देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही. उशिरा सापडलेल्या चुकीपोटी कंपनी पुरवणी बिल काढू शकते; पण मुदत उलटल्यावर अशा बिलासाठी वीज तोडण्याचा दंडुका उगारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील एका प्रकरणात फेब्रुवारी २०२० मध्ये स्पष्ट केले.

केंद्रातील मोदी सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा अधिक हंगामी बिले काढता येणार नाहीत. असाधारण परिस्थिती नसताना दोन बिलचक्रांहून अधिक काळ असेच चालू राहिले, तर प्रत्यक्ष वाचनाचे बिल येईपर्यंत ग्राहक रक्कम भरण्यास नकार देऊ शकतो, असे ते नियम सांगतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यात आणखी एक तरतूद आली. मीटरचे वाचन प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यास वीज कंपनीने पाच दिवसांच्या आत अतिरिक्त मीटर बसवून किमान तीन महिने वापर पडताळून पाहावा. यालाच म्हणतात तराजू तपासण्याचा हक्क! पौतवाध्यक्षाचे काम दोन हजार वर्षांनी पुन्हा नियमात आले. पण शहापूर किंवा मुरबाडच्या किती ग्राहकांना हा नियम कार्यालयाने स्वतःहून सांगितला असेल? जो हक्क सांगितला जात नाही, तो दिला गेला असे म्हणता येत नाही.

कल्याणचा हेलपाटा

तक्रारीसाठी मार्ग आहे, हेही खरे. कायद्याने ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल अशी रचना केली आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या विनियमांनुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे दाद मागावी लागते, मंचाने ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो आणि तो न पटल्यास पुढील ६० दिवसांत लोकपालाकडे जाता येते. तिथे वकील देण्याची गरज नाही. मंचावर ग्राहक संघटनेचा प्रतिनिधीही असतो. कागदावर हे सारे सुबक आहे.

पण या दोन तालुक्यांतील माणसाला महावितरणच्या परिमंडळाचे दार कल्याणला, तर लोकपालाचे वांद्रे-कुर्ला संकुलात! कसारा ते कल्याण हे रेल्वेचे अंतरच ६७ किलोमीटर आहे. मुरबाडच्या पलीकडील गावातून यायचे तर आधी एस.टी. पकडून मुरबाड गाठायचे आणि मग पुढचा प्रवास. दोन हजारांच्या वादासाठी तीन हेलपाटे, तीन दिवसांची मजुरी आणि प्रवासखर्च. हिशेब मांडला की शहाणा माणूस चुकीचे बिल भरून मोकळा होतो. कंपनीच्या दप्तरी त्याची नोंद ‘समाधानी ग्राहक’ म्हणून होत असावी! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मंचाने महिन्यातून एकदा शहापूरला आणि एकदा मुरबाडला बसून तक्रारी ऐकाव्यात, ही मागणी अवाजवी नाही. न्याय दारी येत नसेल, तर निदान तालुक्याच्या गावी तरी यावा.

आकडेबहाद्दर आणि प्रामाणिक ग्राहक

अशा वेळी कंपनीकडून एक ठरलेला बचाव पुढे येतो : गावात आकडे टाकले जातात, थकबाकी डोंगराएवढी आहे, वसुली केली नाही तर वीज विकत कशी घ्यायची? या बचावात तथ्य आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तारेवर आकडा टाकणारा हा चोरच होय. तो गावातला असो, जातीतला असो वा पक्षातला असो. वीजचोरीसाठी कायद्यात कलम १३५ आहे आणि ते निर्दयपणे वापरले जावे. ज्याने वीज वापरली त्याने तिचे मोल दिलेच पाहिजे. फुकट विजेची लालूच दाखवणारे राजकारण हे राष्ट्राच्या तिजोरीवर घातलेले दरोडेच आहेत.

परंतु चोर सापडत नाही म्हणून संन्याशाला सुळी देण्याची परवानगी यातून मिळत नाही. भारनियमनाच्या काळात गळती आणि वसुलीच्या प्रमाणावरून फिडरचे गट पाडले गेले. ज्या फिडरवर चोरी अधिक, तिथे अंधार अधिक. नियमित बिल भरणारा शिक्षकही अंधारात आणि आकडा टाकणाराही अंधारात! शेजाऱ्याच्या गुन्ह्याची सामूहिक शिक्षा प्रामाणिक माणसाने भोगायची, हे तेव्हाही चूक होते. सरासरीची फुगीर बिले म्हणजे त्याच शिक्षेची सुधारित आवृत्ती आहे. आकडा टाकणाऱ्याला बिल येतच नाही; चुकीचे बिल येते ते मीटर घेतलेल्या, नाव नोंदवलेल्या, नियम पाळणाऱ्या माणसाला. दोन-तीनदा असा अनुभव आला की त्याचा कायद्यावरचा विश्वास ढळतो. वीजचोरीविरुद्धची सर्वांत भक्कम भिंत म्हणजे प्रामाणिक ग्राहक. चुकीचे बिल त्या भिंतीची एकेक वीट काढते.

सरकार कोणाचेही असो

आता नव्या मीटरांचा प्रश्न ऐरणीवर आहे. २०२३ साली राज्यात कोट्यवधी स्मार्ट मीटर बसवण्याची कंत्राटे दिली गेली. लोकांतून विरोध झाल्यावर जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर बसवले जाणार नाहीत, असे जाहीर केले. त्यानंतर ‘टीओडी’ या नावाने, नंतर बिल भरायचे स्मार्ट मीटर घरोघरी बसू लागले आणि हे मीटर प्रीपेड नाहीत, असे कंपनी सांगते.

तंत्रज्ञानाला विरोध करणे हा भाबडेपणा होईल. दूरवरून अचूक वाचन होणार असेल, तर ‘लॉक’ आणि ‘आरएनए’ यांच्या जाचातून शहापूर-मुरबाडचीच सर्वांत आधी सुटका होईल. दाराला कुलूप असले तरी मीटर वाचला जाईल. परंतु ज्या मीटरवर लोकांचा विश्वास बसावा असे वाटते, तो लोकांना न सांगता, समजावून न देता, घरी कोणी नसताना बदलला जाता कामा नये. जुन्या मीटरचे अखेरचे वाचन ग्राहकासमोर लिहून त्याची सही घेतली पाहिजे. नवे बिल अनपेक्षित वाढले, तर अतिरिक्त मीटरची तरतूद विनाविलंब अमलात आली पाहिजे. २०२० मध्ये बिलांची होळी करणाऱ्यांनी आज सत्तेच्या खुर्चीवरून तक्रारदाराला ‘विघ्नसंतोषी’ म्हणू नये. आपल्या विचारांचे सरकार आले म्हणून ग्राहकाचे दुखणे संपत नाही; उलट जबाबदारी दुप्पट होते. वाजपेयी सरकारच्या कायद्याची आणि मोदी सरकारच्या नियमांची बूज शाखा कार्यालयात राखली जात नसेल, तर तो त्या सरकारांचाच अवमान आहे.

संघटित ग्राहक हेच उत्तर

अखेर प्रश्न उरतो तो समाजाचा. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा अस्तित्वातही नव्हता. तो १९८६ मध्ये आला. म्हणजे कायद्याच्या बारा वर्षे आधी संघटना उभी राहिली. हा क्रम विसरता कामा नये. असंघटित माणसाला कायदा पुस्तकात दिसतो, संघटित माणसाला तो कार्यालयात दिसतो.

हे काम मोर्चे आणि काचा फोडण्याचे नाही. वायरमनला शिवीगाळ करणे हा तर निव्वळ करंटेपणा होय. पावसापाण्यात खांबावर चढून वीज जोडणारा तो गरीब माणूस बिल छापत नाही. काम साधे आणि चिवट आहे. प्रत्येक घरात दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मीटरचा आकडा वहीत लिहिला जावा, मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेतले जावे. बिलावरचा आकडा आणि वहीतला आकडा जुळतो का, हे शाळकरी मुलगाही पाहू शकतो. तफावत दिसली की तोंडी वाद न घालता दोन प्रतींत लेखी तक्रार द्यावी आणि एका प्रतीवर कार्यालयाची पोच घ्यावी. तक्रारीत कलम ५६ चा स्पष्ट उल्लेख करून सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम ‘निषेधासह’ भरत असल्याचे लिहावे. आपल्या खात्याचा मागील उतारा, ज्याला कार्यालयात ‘सीपीएल’ म्हणतात, तो मागून घ्यावा. सरासरीची बिले कधी आणि किती निघाली, हे त्यातून उघड होते. मीटरची तपासणी वा अतिरिक्त मीटर यांची मागणी त्याच अर्जात करावी. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचा आकडा ते निघण्यापूर्वी आणि परतल्यावर कार्यकर्त्याने लिहून ठेवला, तर एका वहीने पाड्यावरची कित्येक घरे वाचतील.

आणि हे एकट्याने करू नये. एका गावातील पंचवीस तक्रारी एकाच दिवशी, शिस्तीत, पोच घेऊन दाखल झाल्या की ‘आधी भरा’ म्हणणाऱ्याला नियमांचे पुस्तक उघडावेच लागते. सायंशाखेनंतरचा अर्धा तास, भजनी मंडळाची बैठक, महिला बचत गटाची सभा यांपैकी कुठेही हे काम होऊ शकते. मुरबाड तालुक्यातील धसई गावाने डिसेंबर २०१६ मध्ये रोकडविरहित व्यवहाराचा प्रयोग करून साऱ्या राज्याचे लक्ष वेधून घेतले होते. त्यामागे स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाचा पुढाकार होता. ज्या तालुक्यातील गाव एवढी नवी रीत अंगीकारण्यास पुढे येते, त्याला मीटरची वही जड जाणार नाही.

माहुली गडाच्या सावलीतील माणूस लाचार नाही. तो फुकट वीज मागत नाही, माफी मागत नाही, हप्त्यांची भीकही मागत नाही. त्याचे म्हणणे एवढेच आहे : माप खरे दाखवा, हिशेब समजावून द्या आणि वाद असेल तर तो मिटेपर्यंत घरातला दिवा विझवू नका. कायद्यानेही हेच सांगितले आहे. तेव्हा शाखा कार्यालयाच्या खिडकीपलीकडून यापुढे ‘आधी भरा, मग बोला’ असे ऐकू आले, तर खिडकीच्या अलीकडून एकच उत्तर, एका सुरात आणि लेखी गेले पाहिजे : आधी सिद्ध करा, मग मागा!